एकेचाळीस नंबरची खुंटी

शहराचा हा पोहण्याचा किनारा शंभर वर्षांचा झाला, म्हणून कमानीला नवा रंग फासला होता. आत मात्र सगळं जुनंच होतं. कपडे ठेवायची लांबट खोली, भिंतीवर खुंट्या आणि प्रत्येक खुंटीचा पितळी बिल्ला. कपडे द्यायचे, बिल्ला मनगटाला बांधून पाण्यात जायचं, परतल्यावर बिल्ला देऊन कपडे घ्यायचे. संध्याकाळी सहाला एखाद्या खुंटीवर कपडे उरलेच, तर खोलीवरची बाई घंटा वाजवायची आणि जीवरक्षक पाण्याकडे धाव घ्यायचे. इतका साधा नियम, पण एकदा तो फसला होता. फसवणारी शिवणकामवाली आज पिशवीत पिवळा फ्रॉक घेऊन रांगेत उभी होती.

बेचाळीस वर्षांपूर्वी ती एकोणीसची होती, धाकटी बहीण चौदाची. दोघींत मिळून एकच खुंटी घ्यायच्या, एकेचाळीस नंबरची, कारण धाकटी बिल्ले हरवण्यात पटाईत. त्या दिवशी थोरली आधी बाहेर आली, तिने बिल्ला दिला आणि दोघींचे कपडे उचलले, धाकटीचा पिवळा फ्रॉकसुद्धा. बसू दे ओल्या अंगाने कुडकुडत! ताईची कापडाची कात्री कागदाला लावून बोथट करते म्हणजे काय? कमानीबाहेर उभी राहून ती तासभर स्वतःशीच हसत होती. सहा वाजले. खुंटी रिकामी होती, म्हणून घंटा वाजली नाही.

मग मात्र तिची पाचावर धारण बसली. घरी जाऊन ती म्हणाली, “ती कपडे करून कधीच बाहेर पडली. रुसून पुढे गेली.” लोकांनी गल्ल्या शोधल्या, स्टेशन शोधलं, मावशीचं गाव पालथं घातलं. समुद्राकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. आई तेव्हापासून दाराला आतून कडी न लावता झोपायची. खरं काय ते कितीदा ओठांवर आलं, पण जीभ रेटली नाही. गेल्या महिन्यात आई गेली. जाताना म्हणाली, “ती आली तर तिला रागावू नकोस हं.”

त्या वाक्याने थोरलीची झोप उडाली. एकदा, निदान एकदा तरी धाकटीसाठी ती घंटा वाजायला हवी होती. वेडेपणा म्हणा हवं तर.

“एकेचाळीस नंबर द्या,” ती म्हणाली.

“नुसता फ्रॉक? मावशी, पोहणार कोण?” बाईने विचारलं.

“माझी बहीण. ती आत गेलीय. बिल्ला माझ्याकडे राहू दे, ती हरवते.”

ती दारातल्या बाकावर समुद्राकडे पाठ करून बसली. एकेक करून खुंट्या रिकाम्या झाल्या. सहाला भिंतीवर फक्त पिवळा फ्रॉक उरला. बाईने घंटेच्या दोरीला हात घातला आणि लगेच काढूनही घेतला.

“का हो? वाजवत का नाही?”

“कशाला? मघाशीच आली की तुमची बहीण बाहेर. नखशिखांत ओली. बहीण कसली, नातच शोभेल! चौदा-पंधराची असेल. फ्रॉक मागत होती. बिल्ला कुठाय विचारलं तर म्हणे, ताईकडे. मग नाहीच दिला मी. कमानीबाहेर बघते म्हणाली, ताई तिकडेच थांबते.”

थोरलीने दाराकडे पाहिलं. धाकटीचं वय तिने सांगितलंच नव्हतं. दार एकच, आणि त्यातून कुणी ओलं माणूस आलं-गेलं असतं तर तिच्या गुडघ्याला घासूनच गेलं असतं. फरशी कोरडी ठणठणीत होती.

आता नुसती मान डोलवायची होती. हो, आली असेल म्हणायचं, फ्रॉक पिशवीत टाकायचा आणि घर गाठायचं. बेचाळीस वर्षं हेच तर बिनबोभाट जमलं होतं.

“ती बाहेर आलेली नाही,” थोरली म्हणाली.

“अहो, मी या डोळ्यांनी...”

“आलेली नाही!” तिचा आवाज फाटला. “मी खोटं बोलले. तिचे कपडे मीच नेले होते. ती आतच राहिली. वाजवा ती घंटा!”

बाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि दोरी ओढली. घंटा घणघणली. दोन जीवरक्षक वाळू उडवत पाण्यात घुसले, घरी निघालेली माणसं जागच्या जागी थांबली. थोरली उठली. फ्रॉक खुंटीवरून काढून ती थेट पाण्याच्या कडेला गेली, आणि बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा समुद्राकडे तोंड करून उभी राहिली.

“ये गं बाहेर,” ती ओरडली. “फ्रॉक आणलाय मी.”