आईने जोडलेल्या पट्ट्या

ताईने अकरावीला वेल्डिंगचा विषय घेतला तेव्हा आईने घर डोक्यावर घेतलं होतं. "मुलीच्या जातीला आगीशी खेळ कशाला?"

शाळेने पालकांना वर्कशॉप बघायला बोलावलं, तेव्हाही ती तोंड फुगवूनच आली. ताईने लोखंडाच्या दोन पट्ट्या जोडून दाखवल्या. सांधा इतका सरळ आला की तिचे सर खूश होऊन मान डोलवत राहिले. मग ताईने आपलं हेल्मेट आईच्या डोक्यावर चढवलं, तिला हातमोजे घातले आणि स्वतः दुसरं हेल्मेट घालून तिचा हात धरला.

"अगं, मला नाही जमायचं!"

"जमेल गं. हात फक्त हळू सरकव."

ठिणग्या उडाल्या. आई किंचाळली, पण हात तिने मागे घेतला नाही. काच वर करून पाहिलं तर सांधा कोंबडीने उकरल्यासारखा वाकडातिकडा! ताईला हसू आवरेना. पट्ट्या थंड झाल्यावर आईने त्या जीव खाऊन ओढल्या. सुटल्या नाहीत.

"धरलंय की गं!" आई लहान मुलीसारखी ओरडली.

सर नम्रपणे म्हणाले, "आता बाकीच्या पालकांनाही संधी देऊ या?"

"थांबा हो सर," आई काच पुन्हा खाली ओढत हेल्मेटच्या आतून म्हणाली, "आत्ता कुठे हात बसतोय. आणखी दोन पट्ट्या द्या."