पूजा झालेला दोर

मी एक जुना दोर आहे. मित्रांनो, दोर म्हटल्यावर लगेच विहीर आणि पोहरा डोळ्यांसमोर आणू नका. मी डोंगरातला दोर! अंगाने बोटाएवढा जाड, रंगाने भगवा, मधूनमधून निळी नक्षी. पारनेरच्या एका कॉलेजातल्या गिर्यारोहण मंडळाच्या खोलीत, खिडकीशेजारच्या खुंटीवर माझा मुक्काम असतो. आता रंग विटला आहे, पण एके काळी मी असा देखणा होतो की मुले मला गळ्यात घालून फोटो काढत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आत शेकडो पांढरे धागे आणि त्यांच्यावर घट्ट विणलेले रंगीत कवच. लोक कौतुक करतात ते कवचाचे, पण भार पेलतात आतले धागे. हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढची सारी गोष्ट त्याच्यावरच आहे.

कॉलेजात आलो आणि काय ते दिवस सुरू झाले! हरिश्चंद्रगडाचा वारा खाल्ला, रतनगडावर धुक्यात भिजलो. कॉलेजमागच्या माकडकड्यावर तर दर रविवारी जत्राच भरायची. पहिल्यांदा कड्याच्या काठावर पाठमोरे उभे राहणाऱ्याचे गुडघे कसे लटपटतात, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक नाही. ती थरथर थेट माझ्या अंगात उतरते. मग पाय सुटतो, भार माझ्यावर येतो आणि खाली पोचलेला तो जीव आनंदाने ओरडतो, "पुन्हा!" त्या एका शब्दासाठी मी कितीही खरचटून घ्यायला तयार असे. अर्थात अपमानही पुष्कळ सोसले. एका शिबिरात माझ्यावर ओले बनियन वाळत घातले होते. ते मी अजून विसरलेलो नाही.

मंडळाचे प्रमुख कल्याण सर. त्यांनी माझ्यासाठी दोन नियम घालून दिले होते. पहिला, दोरावर पाय द्यायचा नाही. बुटाखालची बारीक खडी कवचात घुसते आणि आतून धागे कातरते. ज्याचा पाय पडेल त्याने सगळ्यांसमोर उठाबशा काढायच्या. दुसरा नियम हात फिरवण्याचा. कड्यावर जाण्यापूर्वी दोघांनी समोरासमोर बसून माझे अख्खे अंग बोटांच्या चिमटीतून सरकवायचे. कुठे कडक लागते का, कुठे पोकळ लागते का, ते बघायचे. सर म्हणत, "डोळ्यांना जे दिसत नाही ते बोटांना कळतं." मला तर हात फिरवून घेताना फार बरे वाटे. गुदगुल्या व्हायच्या, ते निराळे.

मग ती खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी घरोघर कोयते, नांगर, ट्रॅक्टर पुजतात. मग मंडळाच्या पोरांनी का मागे राहावे? मंडळाचा पुढारी हर्षल. पोरगा मनाने सोन्यासारखा, पण उत्साह ओतू जाणारा. त्याने टेबलावर चादर अंथरली, मला गोल वेटोळे करून मधोमध बसवले, शेजारी हेल्मेट मांडली, वर झेंडूचे हार घातले. मी अगदी नवरदेवासारखा फुगलो होतो. आरती रंगात आली. हर्षलने ताट जरा जास्तच जोरात ओवाळले आणि पेटलेल्या कापराची एक वडी घरंगळून माझ्या अंगावर पडली.

मित्रांनो, मी नायलॉनचा. मी पेटत नाही, वितळतो. हर्षलने चटकन वडी झटकली, फुंकर मारली, काळा डाग पडला त्यावर चिमूटभर कुंकू लावले आणि म्हणाला, "काय नाय झालं! मोरया!" सगळे हसले. सर तेव्हा बाहेर पेढे वाटत होते. कुंकवाखाली माझे कवच वितळून घट्ट झाले होते आणि आतल्या धाग्यांनाही आच लागली होती. मला ते कळत होते, पण सांगणार कसे?

दसऱ्यानंतरच्या रविवारी माकडकड्यावर जायचे ठरले. नव्या मुलांचा पहिला उतार! सगळ्यांत पुढे नंबर लागला होता रेश्माचा. ही पहिल्या वर्षाची, पाथर्डीकडची. तिच्यासोबत तिची आई लंकाबाईही आली होती. लंकाबाई ऊसतोडीला कोपरगावकडे निघाली होती, जाता जाता लेकीला भेटायला वसतिगृहावर थांबली. लेक कड्यावरून उतरणार हे ऐकून तिचा जीव उडाला होता.

"मंडळात जायचं का न्हाई, ते मी डोळ्यानं बघून ठरविन," तिने बजावले होते. "मला ठीक वाटलं तर जा. न्हाईतर नाव काढायचं न्हाई."

त्या दिवशी पोरांच्या अंगात नुसते वारे संचारले होते. सर कड्याच्या पायथ्याशी जागा साफ करून घेत होते. त्यांनी खालून विचारले, "हर्षल, हात फिरवला का रे?"

"हो सर!" हर्षल वरून ओरडला. शेजारच्या स्नेहलने त्याच्याकडे पाहिले, तर तो म्हणाला, "अगं, परवाच तर पूजा झाली. आता आणखी काय बघायचं?" हार घातला, ओवाळले, कुंकू लावले, म्हणजे दोर ठणठणीत, असे त्याला मनापासून वाटत होते.

मला मधोमध वर खडकाला बांधले. एक टोक खाली सोडले उतरायला, दुसरे उतरणाऱ्याच्या कमरेला, वरून सांभाळायला. जळलेला भाग नेमका काठाशी आला. रेश्माने हेल्मेट घातले. ती पाठमोरी सरकू लागली. माझ्या अंगात तिची थरथर आली आणि मी पहिल्यांदाच मनात म्हणालो, नको गं बाई, थांब!

सरकताना तिचा पाय माझ्यावर पडला.

"पाय! पाय! उठाबशा!" पोरांनी एकच कल्ला केला. रेश्मा ओशाळली. उठाबशा काढण्याआधी तिने घरच्या सवयीने केले काय, तर वाकून जिथे पाय लागला तिथे मला हात लावला आणि तो हात कपाळाला नेणार, तोच थबकली. बोटाला कुंकू लागले होते. तिने पुन्हा चाचपले.

"दादा, हितं कायतरी कडक हाय. खपलीवानी."

हर्षलचा चेहरा उतरला. सर धापा टाकत वर आले. त्यांनी मला त्या जागी वाकवून पाहिले. बाकी अंग छान वळत होते, तिथे मात्र मी काटकन मोडल्यासारखा दुमडलो.

"कापूर पडला होता, सर," हर्षलच्या डोळ्यांत पाणी आले. "मला वाटलं, पूजाच तर..."

सर रागावले नाहीत. त्यांनी चाकू त्याच्याच हातात दिला. हर्षलने जळका भाग कापून टाकला आणि मी एकाचे दोन झालो. दुखले, पण सुटल्यासारखेही वाटले. कडा ठेंगणा होता, दोन्ही तुकडे पुरत होते.

लंकाबाईने लेकीचा दंड धरला. "चल. झालं बघून."

"आई, सापडलं ना पन! आता बघ की सगळे कसं तपासत्यात."

खरेच, सगळी पोरे रांगेने खाली बसली होती. माझे दोन्ही तुकडे एका हातातून दुसऱ्या हातात सरकू लागले, कोणी घाई करीना. लंकाबाई थोडा वेळ बघत राहिली. मग पदर खोचून रांगेच्या शेवटी बसली. "आना हिकडं. माझी लेक लटकनार हाय, मला बी बघू द्या." ऊस तोडून घट्टे पडलेले तिचे हात माझ्यावरून अगदी हळू फिरले. एवढ्या मायेने मला कधीच कोणी धरले नव्हते.

आणि मग रेश्मा उतरली! पहिले पाऊल अडखळले, दुसरे जमले, मग ती कड्यावर पाय रोवत अशी झपाट्याने निघाली की मीच मागे पडतो की काय असे वाटले. खाली टेकताच तिने दोन्ही हात वर केले. "आई! बघितलंस का?"

काठावरून लंकाबाईने डोळे पुसले.

"न्हाई गं! डोळं झाकलं हुतं म्या. पुन्हा उतर!"

तो शब्द मी शेकडो तोंडांतून ऐकला होता, पण आईच्या तोंडून पहिल्यांदाच. सारा कडा हसत होता.

आता मी निवृत्त आहे. माझ्यावर नवी मुले गाठी मारायला शिकतात आणि नवा निळा दोर रुबाबात कड्यावर जातो. मंडळाची पुढारी आता रेश्मा आहे. खंडेनवमीला ती सगळ्यांना आधी नव्या दोरावरून हात फिरवायला लावते, मग त्याला एक फूल वाहते. कापूर लांब, अंगणात.

मित्रांनो, जे तुमचा भार पेलते त्याला जरूर हात जोडा, पण त्याआधी त्याच्यावरून हात फिरवा. नमस्काराने मी खूश होतो, पण नीट राहतो तो तुमच्या बोटांमुळे.

यंदा पूजा आटोपल्यावर रेश्मा माझ्या खुंटीपाशी आली आणि मलाही चिमटीतून सरकवू लागली. "ताई, याच्यावर आता कोण लटकणार आहे?" कुणीतरी विचारले.

"कुणी न्हाई," ती म्हणाली आणि शेवटच्या टोकापर्यंत हात फिरवत राहिली.