खुर्ची ओढ, ऑलिव्ह

थिओ पारेंवरचं गाणं म्हणायला उभा राहिला, त्या संध्याकाळी मी उंच टाचांचे बूट आधीच काढून ठेवले होते. पळायची वेळ आली तर अनवाणी बरं. कोरसमध्ये आम्ही तिघी. बाकीच्या दोघी माझ्याकडे बघून हसल्या आणि मग त्यांनीही हळूच बूट काढले.

थिओ, म्हणजे थिओफिलस लाबोर्द, माझा मावसभाऊ. गायक म्हणून त्याचं नाव लॉर्ड मारीबोन. मारीबोन म्हणजे आमच्याकडची गांधीलमाशी. दिवसा तो मलेरिया खात्यात फवारणी करायचा. पाठीवर पंप असला की कुणाच्याही परसात शिरायची मुभा. कुणी कुठे काय लपवलंय, कुणाच्या दोरीवर कुणाचा शर्ट वाळतोय, हे त्याला पाद्र्याच्या आधी कळायचं. कार्निव्हलचे दिवस जवळ आले की ते सगळं गाण्यातून बाहेर पडायचं. औषधवाला पँटिन खोकल्याच्या औषधात पाणी घालतो, हे त्याचं पहिलं गाजलेलं गाणं. पँटिन भर बाजारात झाडू घेऊन त्याच्या मागे धावला, आणि त्याच संध्याकाळी रमच्या दुकानात त्यानेच थिओला पाजली. "गाढवा, निदान दुकानाचा पत्ता तरी नीट सांगायचास!" म्हणाला.

तेव्हा असं होतं. डंख बसायचा, सूज यायची, उतरायची.

पण पारेंवर कुणी गायलं नव्हतं. ऑब्री डुगल आमच्या बेटाचे मुख्यमंत्री. अर्ध्या बेटाच्या पोरांचे ते धर्मपिता होते, स्वतः चर्चमध्ये येऊन बाळ हातात घ्यायचे. धर्मपित्याला आम्ही पारें म्हणतो, म्हणून लहानथोर सगळेच त्यांना पारें म्हणायचे. मोठी झालेली ती पोरं पारेंच्या एका शब्दावर काहीही करायची. काय काय केलं होतं, ते कुणी मोठ्याने बोलत नसे.

तर त्या संध्याकाळी मासळीबाजारामागच्या आमच्या टेंटमध्ये पारें पहिल्या रांगेत बसले होते. पांढरा सूट, गुडघ्यावर हॅट. टेंट आपलं म्हणायचं. होतं ते पत्र्याचं सभागृह. बँडने सूर धरला आणि थिओने सुरू केलं:

*पूल झाला, ढोल झाला, फीतही कापली,*
*नदी तेवढी राहिली बाई, कुठं हो हरपली?*

पारेंनी गेल्या वर्षी खरोखरच कोरड्या ओढ्यावर पूल बांधला होता. सगळ्या टेंटने श्वास रोखला. कुणी हसेना. मग पहिल्या रांगेतून हसू आलं. पारेंचंच. ते उभे राहिले, टाळ्या वाजवल्या आणि म्हणाले, "पुन्हा." त्यांच्यामागे पूर्ण टेंट कोसळल्यासारखा हसला. थिओने ते गाणं तीनदा म्हटलं.

मी बूट पायात घातले. खरं सांगते, ते घालतानाच मला बरं वाटत नव्हतं. रागावलेला माणूस काय करेल हे कळतं. हसणाऱ्याचं कळत नाही.

रविवारी पारेंची जीप आली. जेवायला बोलावलं होतं, "कुणाला तरी घेऊन ये" असा निरोप, म्हणून थिओने मला नेलं. खेकड्यांचा कालालू, म्हणजे पाल्याचं दाट कालवण होतं, भाजलेला ब्रेडफ्रूट होता. पारेंनी स्वतः वाढलं.

"मला टोचलंस," ते म्हणाले, "आवडलं. पण एकट्या मलाच का, पोरा? माझे मंत्री काय संत आहेत?"

थिओ हसला. "सगळ्यांच्या परसात जातो मी, पारें. वेळ आली की गाईन."

"मग स्ट्रेकरच्या परसात जा. शाळेसाठी आलेलं सिमेंट बघ कुठे गेलंय."

स्ट्रेकर शिक्षणमंत्री. थिओ पंप घेऊन गेला. स्ट्रेकरच्या घरामागे नवा हौद, नवी गच्ची, आणि कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांचा ढीग. पुढच्या आठवड्यात गाणं झालं. लोकांनी थिओला खांद्यावर घेतलं. स्ट्रेकरचं मंत्रिपद गेलं, मग त्याच्या खिडक्यांवर दगड पडले, आणि एका सकाळी तो बायकोपोरांसह शिडाच्या बोटीत बसून बेट सोडून गेला. धक्क्यावर कुणी निरोप द्यायला नव्हतं.

"चोर होता," थिओ म्हणाला.

"होता ना," मी म्हटलं. "पण पारेंना सिमेंट आत्ताच कसं दिसलं? आणि स्ट्रेकर त्यांच्याविरुद्ध उभा राहणार होता म्हणतात, ते?"

"एनिड, तू कोरसमध्ये गा. विचार माझ्यावर सोड."

तो पुढेही रविवारी जात राहिला, आता एकटाच. त्याची गाणी धारदार होत गेली आणि लोक त्याला घाबरू लागले. मासळीवालीशी तो बोलायला थांबला की आजूबाजूच्या बायका गप्प होत. पँटिन रस्ता ओलांडून पलीकडे जाई. पूर्वी पंप घेऊन गेला की कुणी त्याला मॉबीचं सरबत द्यायचं, कुणी गरम बेक रोटी. आता दार उघडायचं आणि घरातली माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहायची. थिओला ते दिसत होतं. त्याला वाटायचं, हा मान आहे.

तिसऱ्या वर्षी पारेंनी ऑलिव्ह पेरोटचं नाव घेतलं.

ऑलिव्ह जायफळाच्या गोदामात निवडणीचं काम करायची. आवाज घोगरा, बोलणं रोखठोक. गोदामातल्या बायकांची तिने संघटना बांधली होती. पारेंनी संघटनेचा अध्यक्ष व्हायची तयारी दाखवली, तर ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "नको हो पारें, आमची बारशी झालीत." बायका आठवडाभर हसत होत्या. कार्निव्हलनंतर संप होणार होता.

"दर गुरुवारी ती मळेवाल्या लॅसेल्सच्या बंगल्यात मागच्या दाराने जाते," पारेंनी थिओला सांगितलं. "माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. स्वतः बघ."

थिओने बघितलं. पंप मारता मारता खिडकीतून त्याला ऑलिव्ह दिसली, हातात चिनी मातीचा कप, आणि दाराशी गोरा लॅसेल्स तिच्याशी बोलत उभा. एवढंच दिसलं. एवढ्यावर त्याने गाणं रचलं, आणि आयुष्यात त्याने त्याहून चांगली चाल बांधली नाही.

*साहेबाघरचा चहा गोड,*
*खुर्ची ओढ, ऑलिव्ह, ओढ!*

तालमीनंतर आम्हीच ते गुणगुणत घरी जायचो. एकदा मी थिओला म्हटलं, "तिला विचार तरी."

"पँटिनला विचारलं होतं का?"

"पँटिनच्या मागावर कुणी नव्हतं, थिओ."

तरी त्याने ते गायलंच. कार्निव्हलच्या रविवारी गायकांच्या स्पर्धेत त्याला मुकुट मिळाला. पारेंनी स्वतः डोक्यावर ठेवला.

सोमवारी पहाटे जूव्हे, कार्निव्हलची पहिली मिरवणूक. अंगाला काळं तेल आणि मळी फासून, डोक्याला शिंगं लावून, साखळ्या ओढत सैतानांची टोळकी रस्त्यावर येतात. आम्ही लहानपणापासून बघतो. भ्यायचं आणि हसायचं. त्या पहाटे एक टोळकं बाजाराकडे न जाता वर टेकडीकडे वळलं. त्यांच्या खांद्यावर जाड दोर होते. थिओ आणि मी कोपऱ्यावर उभे होतो, मुकुट त्याच्या काखेत. आम्हाला आधी फक्त गाणं ऐकू आलं.

आमच्याकडे गरिबाचं घर लाकडाचं, दगडांवर ठेवलेलं. जागा सोडायची झाली की शेजारी दोर लावतात आणि गाणं म्हणत घरच दुसरीकडे नेतात. तसेच दोर त्यांनी ऑलिव्हच्या घराला लावले. 'खुर्ची ओढ, ऑलिव्ह,' एकजण म्हणायचा, आणि 'ओढ' ला चाळीस-पन्नास हात एकदम मागे यायचे. चाल त्या कामासाठीच केल्यासारखी बसत होती. घर दगडांवरून सुटलं, कलंडलं आणि खाली घळीत गेलं. आतून एकदाच आवाज आला.

थिओ घळीत उतरला. पोलीस नाक्यावर होते, त्यांचे प्रमुख कॅप्टन हेन्स जीपमध्ये सिगारेट ओढत बसले होते. ते उतरले नाहीत. ऑलिव्हला आम्ही फळीवर घालून इस्पितळात नेलं. कमरेखाली तिला काही कळत नव्हतं. थिओ शेजारी बसून राहिला. तिने त्याला ओळखलं.

"व्हर्ना," ती म्हणाली. "माझी बहीण. तिथे स्वयंपाकीण आहे. रक्त ओकते. साहेबाने मागची खोली दिलीय, कुणाला सांगू नको म्हणाला, नाहीतर घरातली माणसं तिला ठेवू देणार नाहीत. चहा तिचा होता."

थिओने तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"चाल छान आहे रे तुझी," ऑलिव्ह म्हणाली.

लेंटचे उपास सुरू झाले त्या आठवड्यातच ती गेली. संप झाला नाही.

वर्षभर थिओ गायला नाही. फवारणीचं काम सोडलं, मासेमारीच्या जाळ्यांना गाठी मारत बसायचा. पारेंची जीप दोनदा येऊन रिकामी गेली. ख्रिसमसनंतर तिसऱ्यांदा आली तेव्हा तो मुकाट्याने चढला. परत आला तो माझ्या ओट्यावर बसला.

"नाव दिलंय," म्हणाला.

"कुणाचं?"

"नको विचारू. माहीत नसलेलं बरं. कोरसच्या ओळी तुला शिकवतो. बाकीचं तिथेच ऐक. आणि एनिड, तुला नाही यायचं तर मी समजेन."

मी गेले. का गेले ते मलाही नीट सांगता येणार नाही. ऑलिव्हच्या गाण्यात माझाही आवाज होता, हे एक.

टेंट गच्च भरला होता. पहिल्या रांगेत पारें, त्यांच्या उजवीकडे गणवेशातले कॅप्टन हेन्स, मागे धर्मपुत्रांच्या दोन रांगा. थिओ काळा कोट घालून आला. वाकून नमस्कार केला आणि हळू लयीत सुरू केलं:

*ताट त्यांचं, घास त्यांचा, नाव त्यांनी सांगितलं,*
*तोंड तेवढं माझं होतं, तेच मी हो विकलं.*

पहिल्या कडव्यात स्ट्रेकर आला आणि त्या रविवारचा कालालू. दुसऱ्यात ऑलिव्ह, कप, आजारी व्हर्ना, दोर. लोकांनी माना खाली घातल्या होत्या. बँडमधली वाद्यं एकेक करून थांबली. आधी ट्रम्पेट, मग गिटार, शेवटी ड्रम. आम्ही तिघी गात राहिलो. माझ्या शेजारची मिल्ड्रेड रडत होती, पण सूर सोडत नव्हती. पारें हसत होते. तसेच, पहिल्या वर्षीसारखे.

मग थिओ स्टेजच्या कडेला आला.

*पुढचं नाव विचाराल तर लांब नका जाऊ,*
*पारेंच्याच शेजारी बसलेत कॅप्टनभाऊ!*

हेन्सनी मान वळवून पारेंकडे पाहिलं. पारेंनी पाहिलं नाही. ते समोर बघत होते, ओठांवर हसू तसंच होतं, फक्त गुडघ्यावरची हॅट त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. मागच्या रांगांतले धर्मपुत्र एकमेकांची तोंडं बघू लागले. आपल्यातल्या कुणाचं नाव त्या टेबलावर निघालं असेल, हे प्रत्येकाच्या डोळ्यांत वाचता येत होतं. तेवढ्यात कुणीतरी दिवे घालवले.

अंधारात मला धक्का बसला, बाकं उलटली, पत्र्यावर काहीतरी आदळलं. मी मिल्ड्रेडचा हात धरून मागच्या दाराने बाहेर पडले. तिथे जीप उभी होती. हेन्स स्वतः थिओला दंडाला धरून आत ढकलत होते. मी ओरडले.

"ओरडू नकोस, बाई," हेन्स म्हणाले. त्यांचा चेहरा घामाने निथळत होता. "मी घेतला नाही तर ती पोरं घेतील." मग थिओला म्हणाले, "हे खरं होतं? माझं नाव?"

"लाचेचा पुरावाही दिला त्यांनी," थिओ म्हणाला. "खोटा नव्हता."

हेन्स एकदा कसनुसं हसले आणि जीप धक्क्याकडे गेली. तिथून थिओला त्यांनी त्रिनिदादला निघालेल्या केळ्यांच्या बोटीत चढवलं. "परत दिसलास तर गोळी घालीन," एवढं म्हणाले.

गोळी घालायला ते राहिले नाहीत. इस्टरच्या सुमारास त्यांची जीप त्याच घळीत सापडली. रस्ता कोरडा होता, वळणही मोठं नव्हतं. आम्हा तिघींना पोलीस ठाण्यात नेलं, दिवसभर बाकावर बसवून ठेवलं, काही न विचारता घरी पाठवलं. त्यानंतर कित्येक महिने माझ्या घरासमोर एक माणूस उभा असायचा. ते गाणं म्हणायला बंदी आली. पारेंनी पुढे बरीच वर्षं राज्य केलं. एवढंच, की ते रविवारी कुणासोबत जेवेनासे झाले आणि त्यांचं अन्न आधी दुसरा कुणीतरी चाखायचा. मेले ते स्वतःच्या बिछान्यात.

मी थिओला भेटायला पोर्ट ऑफ स्पेनला गेले तेव्हा तो गोदीत वजनकाट्यावर काम करत होता. केस पांढरे झालेले. तिथल्या टेंटवाल्यांनी त्याला बोलावून पाहिलं होतं. तो गेला नाही. आम्ही बाकावर बसून सॉरलचं लाल सरबत प्यालो, घरच्यांच्या गोष्टी बोललो. मग त्याने विचारलं, "ते शेवटचं कुणी म्हणतं का?"

"बंदी आहे ना. बरेच जण विसरले. मिल्ड्रेडला येतं."

"आणि ऑलिव्हचं?"

मी ग्लास रिकामा केला. आमच्या गल्लीतल्या पोरी त्या चालीवर दोरीवरच्या उड्या मारतात. ऑलिव्ह कोण हे त्यांना ठाऊकही नाही.

"चाल फार चांगली होती, थिओ," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. भोंगा झाला, तसा तो उठला आणि काट्यावर परत गेला.