शिवणघर सांभाळणारा डबा

मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि मला कुणी 'डबा' म्हटलेलं खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझा पांढरा रंग पिवळा पडलाय, पंखा घरघर करतो आणि डोक्यावर कुणीतरी बॉबिनांची बरणी ठेवून दिलीय, हे सगळं कबूल. पण मित्रांनो, तब्बल अकरा वर्षं चार हजार माणसं माझ्या पोटात बोलत होती, भांडत होती, एकमेकांना शिकवत होती. तुमच्या खिशातल्या त्या चपट्या फोनला विचारा बरं, त्याने एवढं काय सांभाळलंय ते.

माझा जन्म म्हणाल तर एका शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात झाला. दुकान मिस्त्रींचं. त्यांच्या धाकट्या लेकीने तीन बंद पडलेले कॉम्प्युटर उघडले, प्रत्येकातलं जे धड होतं ते काढलं आणि माझ्यात बसवलं. माझी एक बाजू दुसरीपेक्षा जरा गडद आहे, ती त्यामुळेच. तिचं म्हणणं असं की बाबांना दिवसभर लोक फोन करून तेच तेच विचारतात, धागा का तुटतो, सुई का मोडते, मग एकदाच लिहून ठेवावं आणि सगळ्यांनी वाचावं. म्हणून इंटरनेटवर 'शिवणघर' नावाचा कट्टा उघडला. तो कट्टा राहायचा माझ्यात. गावोगावचे शिंपी, घरी बसून ब्लाउज शिवणाऱ्या बाया, मशीन दुरुस्त करणारे, सगळे येऊ लागले. नावं तरी काय एकेकाची! सुईदोरा, उलटी शिलाई, तिरकी कात्री.

लेक नोकरीसाठी दूर गेली. जाताना तिने माझ्यात एक गोष्ट पक्की करून ठेवली. कट्ट्यावरचं कुणाचं लिखाण काढायचं झालं, तर ते पुसलं जायचं नाही, आतल्या एका 'खुंटी'वर जाऊन लटकायचं. खुंटीवरचं वाचता यायचं फक्त कट्टा राखणाऱ्याला आणि ज्याने लिहिलं त्याला. पण कुणी काढलं, कधी काढलं आणि कशासाठी, याची यादी मात्र चार हजार जणांना उघडी. मिस्त्रींना त्यातलं फारसं कळलं नाही. लेकीने सांगितलंय ना, मग असेल काहीतरी, म्हणून त्यांनी मान डोलावली.

पहिलं वर्ष कुणी कुणाचं काही काढलंच नाही. ज्याला जे वाटेल ते त्याने लिहावं. मला आधी मजा वाटली. मग काज हाताने करावेत की मशीनवर, यावरून एक भांडण सुरू झालं आणि चौथ्या दिवशी ते एकमेकांच्या बापजाद्यांपर्यंत पोचलं. नवीन शिकणाऱ्या मुली काहीतरी विचारायला यायच्या, तो गोंधळ बघून उंबऱ्यावरूनच परत जायच्या. काही जुन्या बायाही यायच्या बंद झाल्या. मिस्त्री वैतागले आणि त्यांनी राखणदारी दिली एका निवृत्त हेडमास्तरांना. ते हौसेने स्वतःचे पायजमे स्वतः शिवायचे. माणूस सज्जन, पण कात्री हातात आली की थांबायचं कुठे हे त्यांना कळेना. एका बाईने 'माझी मशीन मेली हो' असं लिहिलं, तर तेही काढलं. कारण काय दिलं? 'अशुभ.' आठवड्याभरात कट्ट्यावर इतकी सामसूम झाली की मला वाटलं मीच बंद पडलोय.

शेवटी लक्ष घातलं ते मिस्त्रींच्या बायकोने. कट्ट्यावरचे सगळे त्यांना वहिनी म्हणायचे. दुकानाच्या खिडकीपाशी बसून त्या कपडे बारीक-मोठे करून द्यायच्या. हेडमास्तरांकडून राखणदारी परत मिस्त्रींकडे आणून त्या म्हणाल्या, "अहो, काही काढायचं झालं तर आधी मला मोठ्याने वाचून दाखवत जा. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत."

मिस्त्री म्हणाले, "अगं, लोक काय काय लिहितात. शिव्या वाचू तुझ्यासमोर?"

"वाचा की. मला काय शिव्या माहीत नाहीत? दुकानात तुमच्या तोंडून ऐकतेच मी."

तेव्हापासून तोच रिवाज पडला. मिस्त्री माझ्यासमोर उभे राहून वाचायचे, वहिनी सुई थांबवून ऐकायच्या आणि मग ठरायचं. नियम त्यांनी एकच केला होता. मशीनला, मोटरला, धाग्याला काय वाटेल ते बोला, पण माणसाच्या आईबापाला ओढायचं नाही. जे खुंटीवर जायचं त्याच्या मालकाला मिस्त्री स्वतः कळवायचे, एवढे शब्द बदला आणि परत आणा. बहुतेक जण आणायचेही. कट्टा पुन्हा भरला. एका वर्तमानपत्राने आमचा फोटो छापला. त्यात मिस्त्री पूर्ण आले, वहिनी पूर्ण आल्या आणि मी अर्धाच आलो, पण आलो ना?

आता मी तुम्हाला माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट आठ दिवसांबद्दल सांगतो. गोष्ट नवव्या वर्षातली. थोरल्या लेकीचं बाळंतपण होतं म्हणून वहिनी तिच्याकडे गेल्या होत्या. त्या वेळी आमच्या कोपऱ्यावर एक मोटरवाला होता, मिस्त्रींचा शाळेपासूनचा मित्र. हाताने चालवायच्या मशीनला बसणाऱ्या छोट्या विजेच्या मोटरी तो विकायचा. कट्ट्यावर सगळे त्याला ओळखत आणि त्याचा माल डोळे मिटून घेत.

एका सकाळी, गिऱ्हाइकांची गर्दी असताना, तिरकी कात्री या नावाने लिहिणाऱ्या बाईंचं लिखाण आलं. या बाईंची जीभ नावाला शोभेल अशीच होती. पहिल्याच ओळीत त्यांनी मोटरवाल्याला चोर म्हटलं होतं, आणि पुढच्या दोन ओळी त्याच्या आईबद्दल होत्या, त्या मी तुम्हाला सांगणार नाही. मिस्त्रींनी मित्राचं नाव वाचलं, त्या तीन ओळी वाचल्या आणि त्यांचं डोकंच फिरलं. ऐकायला खिडकीपाशी कुणी नव्हतं. त्यांनी बटण दाबलं, यादीत कारण लिहिलं 'भाषा', आणि कात्रीबाईंना पंधरा दिवस कट्टा बंद करून टाकला. बाईंना चार शब्द कळवायचंही त्यांच्या मनात आलं नाही.

पण ते लिखाण अख्खंच्या अख्खं माझ्यात होतं, मित्रांनो. शिव्यांच्या खाली लिहिलं होतं: 'ही मोटर आहे की पेटती शेगडी? पाव तासात हात लावू देत नाही. काल माझ्या सुनेने मशीनच्या चाकाला हात लावला आणि शॉक बसून ती स्टुलावरून मागे फेकली गेली. सातवा महिना चालू आहे तिला. नशिबाने मागे पलंग होता म्हणून वाचली. ज्यांनी ही मोटर घेतली असेल त्यांनी आधी प्लग काढा.'

मला तोंड असतं तर मी दुकान डोक्यावर घेतलं असतं. मी पंखा जोरजोरात फिरवून बघितला. मिस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "धूळ बसली वाटतं." मोटरवाला रोज मोटरी विकत होता आणि ते वाक्य माझ्या आत खुंटीला लटकत होतं. इतकं असहाय मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आठव्या दिवशी वहिनी आल्या. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायल्या आणि सवयीने यादी उघडून बसल्या.

"अहो, कात्रीबाईंचं काढलंत. कुणाला वाचून दाखवलंत?"

"तू नव्हतीस. आणि काय घाण लिहिलं होतं माहितीये?"

"नाही माहीत. म्हणून तर म्हणते, वाचा."

मिस्त्री नाइलाजाने उठले. पहिल्या तीन ओळी वाचताना त्यांची मान खाली गेली होती. शेगडीपाशी आले तेव्हा जरासे हसले. सुनेचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. पुढचं त्यांनी इतकं हळू वाचलं की वहिनी उठून जवळ आल्या.

मोटरवाल्याने त्या महिन्यात आणलेल्या खोक्यातली एक मोटर आमच्याही फळीवर होती. मिस्त्रींनी ती टेबलावर घेतली, प्लग लावला आणि तिच्या अंगाला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला. प्लग काढून, झाकण उघडून पाहतात तर आतली वायर स्क्रूखाली चेपून सोलली गेली होती. मिस्त्रींनी हातातला टेस्टर खाली ठेवला. "सगळं वाचलं असतं तर आठ दिवस आधीच कळलं असतं," ते म्हणाले. वहिनींनी लगेच फोन उचलला. त्यांनी मोटरवाल्याला बोलावून घेतलं.

तो आला तोच तापून. "त्या बाईंचं लिखाण सगळ्यांसमोर पुन्हा लावणार तू? मग मी दुकानाला कुलूपच लावतो."

उत्तर वहिनींनी दिलं. "भाऊजी, तुमच्या आईबद्दलचं एक अक्षर मी राहू देणार नाही. आणि मोटरबद्दलचं एक अक्षर काढू देणार नाही. तुम्हाला जे सांगायचंय ते तुम्ही कात्रीबाईंच्या लिखाणाखालीच लिहा, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. तेही कुणी काढणार नाही."

त्याने टेबलावरची उघडी मोटर उचलून आतली सोललेली वायर पाहिली. मग म्हणाला, त्या खोक्यातल्या सात मोटरी गेल्यात. सहा जणांची घरं माहीत आहेत, त्यांच्याकडे आत्ता निघतो. "सातवी एका बाईंनी नेली. नाव नाही, फोन नाही. 'मी शिवणघरावर वाचते' एवढंच म्हणाल्या." म्हणजे त्या बाईंपर्यंत पोचायची वाट माझ्यातून जात होती, दुसरी कुठली नव्हती.

मिस्त्री त्या शिव्या काढायला बसले, तेवढ्यात वहिनींनी त्यांचा हात धरला. "लिखाण तिचं आहे. तिला विचारा." मिस्त्रींनी कात्रीबाईंना कट्टा उघडा करून दिला आणि लिहिलं, 'मी पूर्ण न वाचता काढलं. चूक माझी. माफ करा.' तासाभरात उत्तर आलं: 'आईबद्दलचं काढा, ते माझं चुकलंच. चोरही काढा. शेगडी राहू दे.'

लिखाण पुन्हा लागलं, अगदी वरती. खाली मोटरवाल्याने लिहिलं की माल खराब निघाला आहे, कुणीही वापरू नये, मी घरी येऊन बदलून देतो. मिस्त्रींना तेवढ्याने चैन पडेना. त्यांनी वेगळी एक सूचनाही लावली, 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की' अशी सुरू होणारी. किती जण काय उघडतात हे मोजायचं काम माझं. पहिल्या दिवशी सूचना उघडली एकोणीस जणांनी आणि शेगडी अकराशे जणांनी.

सहा मोटरी परत आल्या. सातवीचा पत्ता नव्हता. मोटरवाला दर दोन तासांनी यायचा आणि माझ्यासमोर उभा राहून विचारायचा, "आल्या का त्या?" जेवणावरून त्याचं मन उडालं होतं. चूक कुणाची, हा विषयच कुणी काढत नव्हतं. वहिनींनी एकदा चहा पुढे केला, तो तसाच गार झाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक निरोप आला. नाव असं की ते मी पहिल्या वर्षापासून रोज आत येताना पाहत होतो, पण त्या नावाने आजवर एक शब्द लिहिलेला नव्हता. मिस्त्रींनी तो मोठ्याने वाचला. 'सातवी मोटर माझ्याकडे आहे. प्लग काढला. तुमची सूचना मी उघडली नव्हती, सूचना कोण वाचतं? कात्रीबाई कुणाला शेगडी म्हणतायत ते बघायला म्हणून आले. माझी नात दिवसभर जमिनीवर ठेवलेल्या त्या मशीनपाशी रांगत असते, चाक धरून उभी राहते. कात्रीबाई, लिहीत राहा.'

मोटरवाला खाली फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. मिस्त्रींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचेही डोळे भरले होते.

त्यानंतर दोन वर्षांनी कट्टा एका मोठ्या, भाड्याच्या यंत्रावर गेला. माणसं फार झाली होती, मला झेपेना. तेव्हापासून मी या टेबलाखाली आहे. धूळ बसते, कुणी पुसत नाही, वाईट वाटतं कधी कधी. पण मोडीत घालायचा विषय निघाला की वहिनी म्हणतात, "राहू दे तो." एवढा मान मला पुरतो.

मित्रांनो, उद्या तुमच्याही हाती असं एखादं बटण येईल. कुणी घाण लिहिलं तर घाण काढाच, त्यात भीडभाड नको, नाहीतर साधी माणसं आत यायला धजणार नाहीत. फक्त काढण्याआधी शेवटच्या शब्दापर्यंत वाचा, आणि काढलंत तर ज्याचं काढलं त्याला तोंडावर कारण सांगा. रागावलेला माणूस आधी वाईट बोलतो, महत्त्वाचं पुष्कळदा नंतर बोलतो. तिथपर्यंत पोचायला थोडा धीर लागतो.

माझ्या पोटातून लाखांनी शब्द गेले. त्यातल्या एका वाक्याने मी एक लहान मूल वाचवलं, हे सांगताना आजही माझी छाती फुगते, असली तर. त्या नातीचं नाव मला माहीत नाही. ती आता तुमच्याच वयाची झाली असेल, कदाचित तुमच्यातलीच कुणी असेल.