केवढं चऱ्हाट

गोजाबाई गेल्याचं कळलं तेव्हा कोंडाजी अंगणात चऱ्हाट वळत होता. मेहुणा मालोजी चाकणाकडून सायकल हाणत आला, सायकल भिंतीला टेकवली आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "दाजी, आक्का गेली. दोन दिवस ताप व्हता. पहाटं गेली. चला."

कोंडाजीने हातातला पीळ सोडला नाही. "बरं," तो म्हणाला. "अन् चऱ्हाट केवढं वळायचं, त्ये काय म्हणाली?"

मालोजीने त्याला दंडाला धरून उठवलं.

त्या घरात तीस वर्षं अशीच रीत होती. एक काम उरकलं की कोंडाजी उंबऱ्याशी येई आणि हाळी देई, "झालं!" मग आतून गोजाबाई पुढचं काम सांगे. बांध घाला. झालं. बैल धुवा. झालं. एका वेळी एकच काम. दोन तिने कधी सांगितली नाहीत. पिंपळे सौदागरात त्याच्याइतकं राबणारा गडी नव्हता आणि आता पुढे काय करायचं हे त्याच्याइतकं न कळणाराही नव्हता. चाकणला भाचीच्या बाळंतपणाला निघताना ती म्हणाली, "मी जाऊन येते, तोवर चऱ्हाट वळून ठेवा." किती लांब, ते सांगायचं राहून गेलं.

तेराव्याचे पाहुणे पांगले तसा कोंडाजी पुन्हा वळायला बसला. चऱ्हाट संपवलं तर "झालं" म्हणावं लागणार आणि आतून तर कुणी बोलणार नाही. म्हणून त्याने ते संपवलंच नाही. वळत वळत, उलट्या पावली सरकत तो अंगणाबाहेर गेला, बोळातून गेला आणि पाचव्या दिवशी मारुतीच्या पारापाशी पोचला. दोरासाठी आणलेला वाख संपला तेव्हा त्याने बाज उसवली आणि जमिनीवर निजू लागला. बाजही संपली तेव्हा विहिरीवरच्या मोटेचा जाड दोर, नाडा, उकलला. बायकांनी बरं झालं म्हणून चऱ्हाटावर लुगडी वाळत घातली.

इकडे रानात त्याची ज्वारी पिकून उभी होती. दाणा टणक झालेला, पाखरांची झुंबड उडालेली. आठ दिवसांत काढली नाही तर वर्षाची भाकरी आणि बैलांचा कडबा दोन्ही जाणार, हे कोंडाजीलाही दिसत होतं. पण ज्वारी काढायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी उद्धवराव पाटलांनी पारावर चार माणसं बसवली. "कोंडाजी, आजपासनं तुला काम आमी सांगणार. आधी ज्वारी काढ."

"ज्वारी मागनं," एक जण म्हणाला. "आधी नाडा वळ. हिरीत माझाबी वाटा हाय, मोट बंद पडलीया."

"आधी ह्ये चऱ्हाट उचल म्हणावं. माझी म्हस दोनदा गुतली त्यात."

दुपार झाली. उद्या पुन्हा बसायचं, एवढं एक ठरलं.

"तिला येवढा येळ लागत नव्हता," कोंडाजी म्हणाला.

शेजारची अंबूबाई चऱ्हाटावरचं धुणं काढत होती. ती म्हणाली, "भावजी, तुमाला वाटतं ती लई इचार करून सांगायची?"

"मग! तीस वर्सांत एकदा चुकली न्हाई."

"अवं, कुडावरनं मला इचारायची ती. 'अंबू, पुन्यांदा उंबऱ्यात येऊन हुबं ऱ्हायलं गं. आता कुठं धाडू?' मी म्हणायची, बैल धुवायला धाड. म्हणायची, 'सकाळीच धुतल्यात.' म्हटलं, मग आणिक धुवू दे की! एकदा तर एका दिसात तीनदा धुतलंत तुमी."

कोंडाजीला तो दिवस आठवला. एका बैलाचं नाक आठवडाभर गळत होतं.

"अन् ह्ये चऱ्हाट?"

"माळ्यावर चार हायती की वळलेली. निघायच्या घाईत तोंडाला आलं त्ये बोलली."

कोंडाजी पाराच्या कडेला बसला. तो म्हणाला, "मंजी तिलाबी ठावं नव्हतं."

"न्हाई. पर तुमी समद्या कामाला व्हय म्हणायचा, ह्याचं तिला लई कवतिक." अंबूबाईने धुण्याचा पिळा काखेत घेतला आणि ती घरी गेली.

कोंडाजीने हातातल्या टोकाला गाठ मारली. घरी जाऊन तो उंबऱ्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "झालं." थांबला. आणखी एकदा म्हणाला. मग मुंडासं बांधून रानात गेला. सगळ्या बाजू सारख्याच दिसत होत्या. कुठल्या कडेने पात धरावी ते ठरेना, म्हणून तो ज्वारीची ताटं बाजूला सारत थेट मधोमध शिरला आणि तिथून उपटायला लागला.

उद्धवराव बांधावरून ओरडले, "आरं येड्या, मधनं? मधनं कुनी सांगितलं?"

"कुनीच न्हाई," ज्वारीतून आवाज आला.

दिवस मावळला तेव्हा रानाच्या मधोमध खळ्याएवढी जागा मोकळी झाली होती. चारी अंगांची ज्वारी काढायची राहिली आहे. मोटेचा नाडा वळायचा राहिला आहे. गोजाबाईची लुगडी कुणाला द्यायची, ते अजून ठरायचं आहे.