पातं खाली ठेवू नका!

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे. लाकूड तासून गुळगुळीत करणं हे माझं काम. एका तरुण सुताराने शिसवाच्या ठोकळ्यातून मला स्वतःच्या हातांनी घडवलं. पुढे चाळीस वर्षं आम्ही किती दारं, टेबलं, पाळणे केले, त्याला गणती नाही. "हा माझा उजवा हात," असं तो गिऱ्हाइकांना सांगे, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

मग विजेची यंत्रं आली आणि मी माळ्यावर गेलो. सुताराची बायको, म्हणजे आमच्या काकी, वारल्या. सुतारकाका वृद्धाश्रमात राहायला गेले आणि त्यांनी बोलणंच टाकलं. त्यांची लेक रोज तिथल्या सिस्टरना फोन करून विचारी, "आज तरी बोलले का हो बाबा?" उत्तर ठरलेलं असे.

तिथे दर गुरुवारी आठवणींची बैठक भरे. टेबलावर एखादी जुनी वस्तू ठेवायची आणि तिच्यावरून ज्याला जे आठवेल ते त्याने सांगायचं. एका गुरुवारी लेकीने मला पाठवलं. काका नेहमीसारखे सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी बसले होते. सिस्टरनी मला मोठ्या कौतुकाने टेबलावर ठेवलं, अगदी सरळ, पातं खाली! टक्कन आवाज झाला.

"अहो, आडवा ठेवा त्याला! धार जाईल!"

सगळे दचकले. काका काठी टेकत आले आणि त्यांनी मला कुशीवर निजवलं.

"आमची ही पण अश्शीच ठेवायची," ते म्हणाले. "मी ओरडलो की म्हणायची, पोरीला कधी निजवलं नाहीत, रंध्याला मात्र कुशीवर!"

काका हसले आणि त्यांचे डोळेही भरून आले.

"आमचे हे रेडिओला हात लावू देत नसत," शेजारी बसलेल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या. झालं, गप्पांना ऊत आला.

तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"बोलले? अहो ताई, थांबतच नाहीयेत!" सिस्टर म्हणाल्या. "देऊ का त्यांना?"

काकांनी हात झटकला. "नंतर कर म्हणावं. मी कामात आहे."

पलीकडे लेक रडता रडता हसली. माझा जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, न वापरलेलं पातं गंजतं, माणसाचं बोलणंही तसंच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना नुसतं "बरे आहात ना?" विचारून उठू नका. त्यांची एखादी जुनी वस्तू आणा आणि जवळ बसा. ती चुकीची धरलीत तरी हरकत नाही. उलट, तेच बरं.