ट्रान्सफॉर्मर वळला तेव्हा मी पाहत होतो

मित्रांनो, मी जुना कॅमेरा आहे ही गोष्ट मला लपवताच आली नसती, कारण दुकानदाराने ती लिहून माझ्या पोटावर चिकटवली होती. ‘जुना, पण चालतो.’ लोक आजोबांबद्दल बोलतात तसं.

माझा जन्म कारखान्यात झाला. पुढची काही वर्षं मी एका थंड देशातल्या दातांच्या डॉक्टरकडे काढली. तिथे मी फक्त दाढा पाहिल्या. जग म्हणजे एक उघडा जबडा आणि त्यात अधूनमधून येणारी जीभ, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. डॉक्टर माझं फार कौतुक करायचे. मग त्यांनी नवा कॅमेरा घेतला आणि मी कपाटात गेलो. कपाटात तर जीभही नव्हती. शेवटी खोक्यातून, जहाजातून आणि ट्रकमधून मी काकामेगा नावाच्या गावाच्या बाजारात, इंगुतियाच्या दुकानात पोचलो. एका बाजूला इस्त्री आणि दुसऱ्या बाजूला झाकण नसलेला कुकर, अशी माझी जागा होती.

तिथे एके दिवशी मुहोंजा कॅमेरा घ्यायला आली. आमच्याकडे जनावर घ्यायला कुणी एकटं जात नाही, म्हणून तिने शितांडाकाकांना बरोबर आणलं होतं. काका झुंजीचे बैल पाळतात. त्यांच्या बैलाचं नाव ट्रान्सफॉर्मर. तो गोठ्यात आला त्याच दिवशी गावचा ट्रान्सफॉर्मर उडाला होता, आणि ते त्याने केलं नाही हे आजवर कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.

मुहोंजा झुंजींचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकायची. ती ते फोनवर काढायची. त्यात बैल मुंगळ्याएवढे दिसत आणि इसुकुटीचे ढोल पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखे ऐकू येत. बघणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि बोटंही घरचीच. पण आता बैलमालकांच्या पंचांनी ठरवलं होतं की यंदाच्या सगळ्या झुंजींचं चित्रण एकाच माणसाला द्यायचं. मुहोंजाला, नाहीतर बाजारपेठेतल्या लुमिती या तरुणाला. ट्रान्सफॉर्मर आणि हेडमास्तर या दोन बैलांच्या झुंजीत ज्याला ‘वळण’ नीट टिपता येईल त्याचं काम. हरणारा बैल तोंड फिरवतो तो क्षण म्हणजे वळण. बाकीची झुंज ही त्याची प्रस्तावना.

मुहोंजाला ते काम हवंच होतं. त्याशिवाय तिला फोटो काढायची विद्या मुळापासून शिकायची होती, कारण आजवर तिचे फोटो चांगले आले तर फोनचं कौतुक व्हायचं आणि वाईट आले तर तिला बोलणी बसायची.

“हा घ्या, काका,” इंगुतियाने एक मोठा, चकचकीत, लांब नाकाचा कॅमेरा पुढे केला. “यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात.”

“चंद्रावर आमचा बैल चरत नाही,” काका म्हणाले. पण त्यांचा जीव त्या कॅमेऱ्यावर बसला होता. “मुंडकं बघ पोरी, केवढं! हा नुसता उभा राहिला तरी समोरचा पळेल.”

“काका, कॅमेऱ्याला झुंजायचं नाहीये.”

“तुला काय ठाऊक?”

मुहोंजाने त्या मोठ्या कॅमेऱ्याच्या सगळ्या बाजू चाचपल्या. “बाहेरचा माइक कुठे लावायचा?”

“आतच आहे की माइक,” इंगुतिया म्हणाला.

“म्हणजे ढोलांचे परत वाटाणे. आणि ही लेन्स बदलता येते?”

“एवढी मोठी आहे, बदलायची कशाला?”

मग तिने मला उचललं. माझ्या कुशीत माइकचं भोक होतं. माझा पडदा दारासारखा बाहेर उघडत होता, म्हणजे बोलताना तिला स्वतःचं तोंड दिसणार होतं. माझी लेन्स निघत होती, आणि डोक्यावरच्या चकतीवर ‘एम’ हे एक अक्षर होतं, ज्यावर काटा ठेवला की कॅमेरा स्वतःचं डोकं चालवणं बंद करतो आणि माणसाला चालवावं लागतं. दाढांच्या डॉक्टरांनी त्या अक्षराला कधी हात लावला नव्हता.

काकांनी मला बैलासारखं तपासलं. बॅटरीचं झाकण उघडून तोंड पाहिलं. पाठीवर थाप मारली. उलटं करून पाय शोधले, आणि खाली तिवईचं भोक आहे कळल्यावर जरा निवळले. शेवटी कानात फुंकर घातली. मी हललो नाही.

“थंड डोक्याचा आहे,” ते नाराजीने म्हणाले. “अंगात काही नाही, पण बुजणार नाही.”

आम्हा दोन्ही कॅमेऱ्यांची किंमत सारखीच होती. मुहोंजाने मला घेतलं, त्यावर एक माइक पदरात पाडून घेतला, आणि दुसऱ्याच दिवशी लुमितीने तो लांब नाकाचा नेला.

नवा बैल आणला की आमच्याकडे त्याला थेट झुंजीत सोडत नाहीत. रोज पहाटे मैदानावर नेऊन जमिनीचा वास देतात. काकांनी तोच नियम मला लावला. एका हातात ट्रान्सफॉर्मरची दोरी, आणि मागून मला गळ्यात अडकवून जांभया देणारी मुहोंजा.

“काका, कॅमेऱ्याला नाक नसतं हो.”

“मग तू घे वास त्याच्या वतीने.”

काकांनी मला बैलाला देतात तसा ऊसही देऊ केला. मी खाल्ला नाही, हे इथे नमूद करतो.

मित्रांनो, त्या पहाटा हीच आमची शाळा होती. मुहोंजाचे पहिले फोटो कोळशाच्या पोत्यात म्हैस बसल्यासारखे आले. मग ते सांडलेल्या दुधासारखे आले. ट्रान्सफॉर्मरने मान झटकली की त्याला तीन शिंगं यायची, तेव्हा शटर जलद करायला हवं हे तिला उमगलं. सूर्य निलगिरीच्या झाडांच्या रांगेमागून उगवतो आणि पश्चिमेला उभं राहिलं तर लेन्समध्ये सोनं ओतल्यासारखा आंधळेपणा येतो, हे कळलं. वारा धूळ कुठे नेतो, तेही कळलं. ती चुकायची, चकती फिरवायची, पुन्हा चुकायची. मला इतकं कुणी कधी वापरलं नव्हतं. मी आनंदाने गरम व्हायचो.

झुंजीच्या शनिवारी सकाळीच ढोल, शिट्ट्या आणि डहाळ्या घेऊन अख्खा मुलूख लोटला. लुमितीने पाहुण्यांच्या खुर्च्यांजवळ, म्हणजे पश्चिमेला, जागा धरली.

“काय ग मुहोंजा, डबा कुठे निघाला? चहाबरोबर खायला मंदाझी आणायला?”

“तुझं नाक आवर आधी. पाहुण्यांच्या चहात जातंय.”

मुहोंजा निलगिरीकडे आणि वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. बैल भिडले. शिंगाला शिंग लागलं, ढोल चढले, आणि बघता बघता दोन्ही बैल धुळीत दिसेनासे झाले. धूळ खाली बसली तेव्हा ते धावत होते. अडचण एवढीच, की ते मैदानाला गोल धावत होते. दोघेही तपकिरी, दोघांमधलं अंतर सारखं. कोण पळतोय आणि कोण हाकलतोय हे सांगायला आमच्या मुलखात एकही माणूस शिल्लक नव्हता.

“माझा हाकलतोय!” काका ओरडले.

“तुमचा पुढे आहे, काका!” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

“पुढे कुठे? फार मागे आहे, म्हणून पुढे दिसतोय!”

पंच चहाच्या हॉटेलात जमले. तिथे मोठा टीव्ही होता. आधी लुमितीचा व्हिडिओ लागला. पडदा पांढराफटक झाला. मग त्यात एक काळं भोक आलं, थरथरलं आणि गेलं.

“हे काय होतं?” एका पंचाने विचारलं.

“नाकपुडी,” लुमिती हळूच म्हणाला.

“कुणाची?”

ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग मला तार जोडली. मुहोंजाने मघाशीच माझ्या पडद्यावर सगळं पाहिलं होतं. तिचं बोट बटणावर थांबलं. काकांनीच तिला रोज पहाटे उठवलं होतं.

“काका, लावू?”

“लाव की. माझ्या बैलावर माझा विश्वास आहे.”

ढोल खणखणीत घुमले. धुळीच्या पडद्यात ट्रान्सफॉर्मरचा चेहरा स्वच्छ दिसला. शिंगं अडकलेली होती. मग घरी चुलीवर काहीतरी ठेवून आल्याचं आठवावं तसा तो क्षणभर थांबला, आणि सावकाश, अतिशय सभ्यपणे, त्याने तोंड फिरवलं.

हॉटेलातल्या सगळ्या माना काकांकडे वळल्या.

“परत लाव,” काका म्हणाले. तो परत वळला. “परत.” तो परत वळला. त्याच्यापुढे दुसरा मार्गच नव्हता.

काकांनी टोपी काढली. “वळला रे माझा लेक.” मग ते पुढे सरकले, पडद्याला नाक लागेपर्यंत. “पण वळला कसा ते बघा! पापणीचा केसन् केस दिसतोय. तुमचे बैल जिंकले तरी कधी असे दिसलेत का? काम पोरीला द्या, काय बसलाय!”

पंच हसता हसता खुर्च्यांवरून घसरले आणि घसरलेल्या अवस्थेतच त्यांनी होकार दिला.

बाहेर काकांनी आगाऊ सांगून ठेवलेले ढोलवाले ताटकळत होते. हरलेल्याच्या घरी ढोल जात नाहीत. “मग आम्ही निघू?” त्यांनी विचारलं.

“निघू काय? वाजवा!”

“कुणासाठी?”

“ज्याने तोंड फिरवलं नाही त्याच्यासाठी,” काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मित्रांनो, माझ्या गळ्यात डहाळ्या घातल्या, मुहोंजाला खांद्यावर आणि मला तिच्या डोक्यावर धरलं, आणि गावभर माझी मिरवणूक निघाली. ट्रान्सफॉर्मर मागून चालत होता, आणि तोही खूश दिसत होता. पंगतीत कोंबडीचा पेटा आला. आमच्याकडे तो फक्त घरच्या कर्त्या पुरुषाच्या ताटात पडतो. काकांनी तो उचलून मुहोंजाच्या ताटात ठेवला, आणि आजवर घरातल्या ज्या आत्याबाई अशा गोष्टींवर तासभर बोलत, त्यांनी फक्त मीठ पुढे सरकवलं.

तो व्हिडिओ आता कुठे कुठे पोचला आहे. ज्यांनी जन्मात बैल पाहिला नाही ते लोक लिहितात, ‘ट्रान्सफॉर्मर, आम्हीही सोमवारी असेच वळतो.’ जिंकलेल्या हेडमास्तरला कुणी ओळखत नाही.

तेव्हा मित्रांनो, कॅमेरा घ्याल तेव्हा आधी ठरवा, तुम्हाला काय पाहायचं आणि काय ऐकायचं आहे. मुंडक्यावर जाऊ नका. घेतल्यावर आम्हाला कपाटात कोंडू नका. लेन्स शर्टाच्या टोकाने पुसू नका, त्या टोकाला काय काय लागलेलं असतं ते तुम्हालाच ठाऊक. धुळीतून आणलंत तर मऊ ब्रश फिरवा, आणि रोज थोडं चुका. आम्ही कितीही चुका पोटात घालतो, कार्ड मोठं असतं.

आता मला निघायला हवं. शनिवार आहे, ढोल सुरू झालेत, आणि पंच हल्ली माझ्याशिवाय झुंज लावत नाहीत.